तिसऱ्या रात्रीची प्लेट

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात उभ्यानं वाचत असशील तर आधी स्टूल ओढून बस. तुझा ठिपका खरा होता.

पुन्हा लिहितो, कारण तुला कुठलीही गोष्ट एकदा सांगून पटत नाही. चौतीस वर्षांपूर्वी तू आकाशाचे फोटो घेतलेल्या दोन काचेच्या प्लेटांवर हिरव्या शाईनं गोल केला होतास, तो ठिपका धूळ नव्हता, काचेतला दोषही नव्हता. तो त्या ग्रहाचा चंद्र होता. लहानसाच आहे. सायकलवर सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचावं एवढाच. पण चंद्र तो चंद्र.

दूरच्या एका मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या मुलीनं तो गेल्या वर्षी शोधला. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, मला हल्ली सगळ्याच मुली वाटतात. तिनं त्याची कक्षा मांडली, मागे मोजत गेली आणि जुन्या वेधशाळांना पत्रं टाकली की अमुक तारखांना तो अमुक जागी असायला हवा, तुमच्या जुन्या प्लेटांवर दिसतो का बघा. आमच्याकडचं पत्र माझ्या टेबलावर आलं, कारण प्लेटांच्या खोलीची किल्ली कुठे टांगलेली असते ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. दोन तारखा जुळल्या. प्लेटा काढल्या, भिंगाखाली धरल्या, तर ती म्हणते त्याच जागी तुझे हिरवे गोल. प्लेट आधी अलगद खाली ठेवली. फुटली असती तर तू मला सोडलं नसतंस.

तिसऱ्या रात्री ढग आले नसते तर आज त्या चंद्राच्या कागदपत्रांवर तुझं नाव असतं. नशीब, दुसरं काय म्हणायचं.

इकडे सगळं ठीक. जूनमध्ये निवृत्त होतोय. माझ्या त्या उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या ताऱ्याच्या छत्तीस वर्षांच्या नोंदी एका नावाजलेल्या नियतकालिकानं छापायला घेतल्या आहेत. एकाच माणसानं इतकी वर्षं सलग ठेवलेल्या नोंदी दुसऱ्या कुठे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या रेडिओचं, म्हणजे तुझ्या भावजयीचं, म्हणणं असं की लग्न त्या ताऱ्याशीच लावायला हवं होतं. ती तुला नमस्कार सांगते, आणि आणखी पुष्कळ काही सांगते, पण कागद पुरायचा नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


दि. १५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि उभ्यानंच वाचलं. समोर एक गृहस्थ नवा चष्मा घ्यायला आलेले. त्यांची उजवी काच बसवून झाली होती, डावी माझ्या हातात होती. तसेच ते दहा मिनिटं एका काचेनं माझ्याकडे बघत बसले. शेवटी मालकांनी विचारलं की घरी काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, चंद्र सापडला. त्यांनी मला लवकर घरी पाठवलं.

तीन वेळा वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वेधशाळेच्या तळघरातल्या त्या मोजणीच्या खोलीचा वास आठवला, आणि ते यंत्र. तुम्ही सगळे त्याला मिचमिच्या म्हणायचात, एकदा ही प्लेट दाखवायचं, एकदा ती, म्हणून. हजारो तारे जागच्या जागी आणि तेवढा एक ठिपका ग्रहाच्या बरोबरीनं सरकलेला. मी जेवायचा डबा तसाच ठेवून तुला शोधत जिना चढून आले होते. धापा टाकत होते आणि तू मला आधी पाणी दिलंस. तेही आठवलं.

वेधशाळेच्या साहेबांनी तेव्हा नियमावर बोट ठेवलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. दोन रात्री दिसलेलं काहीही असू शकतं, तीन रात्री दिसलं तरच खरं. त्यांनी तिसरी रात्र दिलीही होती. चाळीस मिनिटं, एक प्लेट, आणि ती घेणारा तू. दुसऱ्या दिवसापासून दुर्बिणीचा आरसा नव्या मुलाम्यासाठी काढायचा होता आणि तो परत बसेपर्यंत ग्रह सूर्याआड जाणार होता. होती ती तेवढी एकच संधी.

आता एक सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही, आणि तू परवा पुन्हा ते लिहिलं नसतंस तर याही पुढे सांगितलं नसतं. त्या दिवशी मी वेधशाळेतल्या आपल्या खोल्यांमागच्या दोरीवर रजया वाळत घातल्या होत्या आणि विसरून झोपले. पहाटे त्या आणायला बाहेर आले तर वर नुसत्या चांदण्या. त्याआधी दोनदा जाग आली होती, तेव्हाही खिडकीतून तेच. ढग नव्हते, भाऊ.

तुझ्या ताऱ्याचं ऐकून बरं वाटलं. रेडिओला म्हणावं, आवाज जरा कमी ठेव, माझे कान अजून शाबूत आहेत.

आशीर्वाद आहेतच, ते तुला मागावे लागत नाहीत.

तुझी,
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याला सहा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि रोज काहीतरी दुरुस्तीचं काम काढून उठतो. स्वयंपाकघरातला नळ, कपाटाची बिजागरी, सगळं नीट झालं. रेडिओला संशय यायला लागला आहे.

ताई, ढग नव्हते. मला झोप लागली. आधीच्या दोन रात्रींचं जागरण होतं, खुर्चीवर जरा टेकलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ग्रह मावळतीला गेलेला. घाबरून निरीक्षणांच्या वहीत ढग लिहून मोकळा झालो. सकाळी तू विचारलंस तेव्हा तोंडातून तेच बाहेर पडलं, आणि एकदा पडलेलं मागे घेता आलं नाही. माझ्याकडून घोडचूक झाली. मला माफ कर.

आणि मी नुसता माफी मागून थांबलेलो नाही. त्या मुलीनं म्हटलं होतं की आमच्या वेधशाळेत हा चंद्र सर्वांत आधी टिपला गेला, तर नाव सुचवण्याचा मान आम्ही घ्यावा. दंडक असा आहे की जिवंत माणसाचं नाव चालत नाही. या ग्रहाच्या चंद्रांना जुन्या कथांमधल्या सेवकांची आणि दासींची नावं देतात. मी काय केलं असेल ओळख. ठमी! आई-अण्णा तुला हाक मारायचे ते नाव. सोबत दोन ओळींची टीप जोडली की ठमी ही आमच्या भाषेतल्या एका जुन्या कथेतली, समुद्राच्या राजाची सर्वांत धाकटी दासी. कोण बघायला येतंय? त्यांना आपली भाषा येत नाही, समितीला पटेल. वरती कायमची ठमी फिरत राहील. आवडलं ना?

लोभात खंड नको, एवढंच मागणं.

तुझा,
भाऊ


दि. ५ मार्च

भाऊ,

आशीर्वाद गृहीत धर, आज लिहायला हात होत नाही.

तू साठीचा झालास आणि शिकलास काय? एक खोटं लिहून माझा चंद्र घालवलास आणि तो परत द्यायला दुसरं खोटं लिहून पाठवलंस. कुठली समुद्राच्या राजाची दासी? मी अण्णांची मुलगी आणि चष्म्याच्या दुकानातली नोकर. उद्या कुणी ती कथा मागितली तर तीही तूच रचणार का? बैल गेला आणि झोपा केला, आणि झोपाही दुसऱ्याच्या रानात. ते नाव आजच्या आज मागे घे.

आणि झोपेचं मला सांगू नकोस. तुला लहानपणापासून मी ओळखते. परीक्षेच्या आधी तू तीन-तीन रात्री जागायचास आणि मीच तुला दामटून झोपवायची. दुर्बिणीपाशी तुझा डोळा कधी लागला नाही, लागणारही नाही. खरं काय ते तुला लिहायचं असेल तेव्हा लिही.

माझीही बाजू ऐक, कारण तीही तुला माहीत नाही. ढग नव्हते हे मला सकाळीच कळलं होतं. साहेबांकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण तुला नोकरीत लागून दोन वर्षं झालेली, आणि वहीत खोटी नोंद करणाऱ्याला आपल्याकडे दुसरा दिवस दिसत नाही. वेधशाळेत बाकी काहीही माफ होतं, तेवढं होत नाही. तुला मीच तिथे चिकटवलं होतं. म्हणून मी साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं की ती धूळ असावी, माझीच चूक झाली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मोजणाऱ्यांनी मोजावं, शोध लावायला दुसरी माणसं आहेत. कुणीतरी हसलं. त्यानंतर मिचमिच्यात डोळा घातला की मला सगळीच धूळ दिसायला लागली. तीन महिन्यांनी सोडलं. डोळे दुखतात म्हणून सोडलं असं तुला सांगितलं होतं, आणि तूही ते मान्य केलंस. एकदाही विचारलं नाहीस की दिवसभर चष्म्याच्या काचा तपासताना ते डोळे का दुखत नाहीत.

मला नाव नको, मान नको. ती ओळ दुरुस्त करून हवी. खाडाखोड नाही, आपल्या पद्धतीनं. एक आडवी रेघ, वर खरं काय ते, पुढे आजची तारीख आणि तुझी सही. तुझ्या ताऱ्याच्या नोंदी त्याच वह्यांमध्ये आहेत हे मला ठाऊक आहे. एक नोंद खोटी निघाली की बाकीच्यांकडे लोक कसे बघतील, तेही ठाऊक आहे. तरी मागते आहे.

ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

नाव मागे घेतलं. त्या मुलीला स्पष्ट लिहिलं की अशी कुठलीही कथा नाही, ठमी म्हणजे माझी बहीण, आणि ते हिरवे गोल तिचे. तिचं उत्तर तुझ्याकडेच येईल, तिनं तुझा पत्ता मागून घेतला आहे.

आता दुसरं. झोप लागली नव्हती.

प्लेट तयार होती. दुर्बीण त्या ग्रहावर लावलेली होती, आभाळ इतकं स्वच्छ की वर्षातून चार-सहा वेळाच मिळावं. प्लेट हातात घेतली आणि घातली नाही. दोन वर्षं मी थंडीत त्या घुमटाखाली बसत होतो. बोटं बधिर व्हायची. बाहेर ओळख करून देताना साहेब सांगायचे, हा आमच्या मोजणीवाल्या बाईंचा भाऊ. आणि तू खाली बसून, माझ्याच काढलेल्या प्लेटांमधून चंद्र काढलास. मला वाटलं, आता जन्मभर मी त्या बाईंचा भाऊच. एवढंच होतं, ताई. याहून मोठं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो, प्लेट मांडीवर. मग दिवा लावून वहीत ढग लिहिलं. परवा ती नोंद काढून पाहिली. अक्षर अगदी वळणदार आहे. हात कापलेला नाही.

पुढच्या वर्षी ग्रह पुन्हा येईल, तेव्हा मी स्वतःहून प्लेट घेईन आणि तुझ्यापुढे ठेवीन, असं मनाशी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी तू नव्हतीस. डोळ्यांचं मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

ओळ दुरुस्त करण्याबद्दल. चार दिवस वही टेबलावर उघडी ठेवून बसलो आहे. पलीकडच्या पानावर माझा तारा आहे. तुला नोकरी सोडायला लावून मी जे मिळवलं ते सगळं त्याच वह्यांत आहे, आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. तू हक्कानं मागते आहेस. मला होईल की नाही हे अजून माहीत नाही. खोटं आश्वासन देत नाही, एवढंच आज जमतं आहे.

लोभ मागायला तोंड नाही.

तुझा,
भाऊ


दि. ९ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मी लिहिते आहे म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. यांना सांगितलेलं नाही. तुमची पत्रं मी वाचली. कपाटात बनियनांखाली ठेवली होती. ती बनियनं धुते कोण, हे यांच्या लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला यांनी ती ओळ दुरुस्त केली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मला वाटलं कुणी पाहुणे येणार असतील. वही घेऊन संचालकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या समोरच रेघ मारली. वर काय लिहिलं ते मला शिपायानं सांगितलं: आभाळ निरभ्र होतं, प्लेट मी जाणूनबुजून घेतली नाही. खाली सही. संचालक म्हणाले की निवृत्तीला दोन महिने उरले असताना हे उकरून काढायची काय गरज होती, झाकली मूठ तशीच राहिली असती. यांनी सांगितलं की जिची मूठ आहे तिनं उघडायला सांगितली आहे.

मग यांनी स्वतःच त्या नियतकालिकालाही कळवलं. त्यांचं उत्तर परवा आलं. ताऱ्याच्या नोंदी सध्या छापता येणार नाहीत. सगळ्या प्लेटा कुणा त्रयस्थानं नव्यानं मोजून वहीशी ताडून पाहाव्यात, मग विचार करू. एकवीसशे साठ प्लेटा आहेत. वेधशाळेत आता ते मोजायचं यंत्र चालवता येणारं एकही माणूस नाही. यांना येतं, पण यांचंच तर तपासायचं आहे. संचालक म्हणाले, दुष्काळात तेरावा महिना, आणि ते पत्र फायलीत लावून टाकलं. निरोपाचा कार्यक्रमही रद्द झाला. मी त्यासाठी चार शब्द लिहून पाठ केले होते, ते आता कुकरला ऐकवते.

वन्सं, मला तुमचा राग आला होता, खरं सांगते. नंतर तुमचं ते पत्र पुन्हा वाचलं आणि मग यांचा आला. आता कुणाचाच येत नाही. हे दिवसभर खिडकीपाशी बसतात. जेवायला हाक मारली की येतात, काय वाढलं ते बघत नाहीत. मला रेडिओ म्हणत नाहीत. काल मी मुद्दाम दोन तास गप्प बसून पाहिलं, त्यांना कळलंही नाही.

तुम्ही काही करावं असं नाही. कुणाला तरी सांगायचं होतं. मोठ्या मनानं जवळ धरत आलात, तसंच धरून ठेवा.

आपली,
धाकटी भावजय


दि. १७ मे

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळ दुरुस्त केलीस ते कळलं. कुणी कळवलं ते विचारू नकोस आणि बनियनांची जागा बदल.

मला वाटलं होतं हे ऐकून छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. चौतीस वर्षं मनात एकच ओळ घेऊन होते. ती बरोबर झाली आणि संध्याकाळी रिकाम्या घरात बसून मी रडले, तुझ्या ताऱ्यासाठी. तो माझा कोण लागतो? पण पहिल्या दोन वर्षांच्या त्याच्या प्लेटा मीच मोजल्या होत्या. तुला रागाच्या भरात ती नोकरी सोडायला लावली असती तरी चाललं असतं असं कितीदा वाटलं. तेव्हाच भांडायला हवं होतं आपण. तू पंचविशीत होतास, मी तिशीत, भांडून पुन्हा जेवायला बसलो असतो. मी गप्प बसले आणि त्याला त्याग म्हणत राहिले. तुला वाचवलं खरं, पण त्याबरोबर तुला एकट्यालाच त्या खोटेपणात कोंडून ठेवलं. हे माझ्या खात्यात लिही.

त्या मुलीचं पत्र आलं. चांगली आहे, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. शोधाच्या निबंधात माझं नाव घालणार आहे, पहिले दोन वेध ओळखणारी म्हणून. चंद्राला नाव सुचवा असं मलाही म्हणाली. मी लिहिलं की तू शोधलास, तूच ठेव. तिनं जुन्या कथेतली एक दासी निवडली, दिवे पुसणारी. साऱ्या कथेत तिचा उल्लेख एकदाच येतो. नाव इतकं अवघड आहे की म्हणून बघशील तर कवळी हातात येईल. मला आवडलं.

तिला मी दुसरं एक विचारलं, तुझ्या नियतकालिकाला मोजणारं त्रयस्थ माणूस हवं आहे त्याबद्दल. तिनं त्यांना परस्पर लिहिलं आणि माझं नाव सुचवलं. त्यांनी शंका काढली की ही तर सख्खी बहीण. मग मीच त्यांना कळवलं की सख्खी आहे हे खरं, पण माझ्याइतका त्याच्यावर अविश्वास असलेलं दुसरं माणूस तुम्हाला या पृथ्वीवर मिळायचं नाही. परवा होकार आला.

मालकांकडून रजा घेतली आहे. एकवीसशे साठ प्लेटा, दिवसाला तीस धरल्या तर अडीच महिने, माझ्या वयाची सवलत धरून तीन. मिचमिच्याची धूळ झाडून ठेव. खुर्चीला पाठ हवी. रेडिओला म्हणावं, बोलत राहा, मला त्या तळघरात नुसती शांतता सोसायची नाही.

माफीचं लिहायला दोनदा बसले. होत नाही अजून. केली असं लिहिलं तर ती आणखी एक खोटी नोंद होईल, म्हणून लिहीत नाही. मोजणी मात्र येते. सोमवारी दुपारपर्यंत पोचते. एकही नोंद चुकीची निघाली तर मी ती जशीच्या तशी कळवीन. हे समजून दार उघड.

लोभ आहे का, असं विचारू नकोस. नसता तर आले नसते.

तुझी,
ताई